व्हायरल लोडचा रिपोर्ट कसा वाचायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार मिळतो तिथे, मी समुपदेशक आहे. एका मंगळवारी एक मावशी आल्या. पिशवीतून उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक काढलं, त्यात चार घड्या घालून ठेवलेला खासगी लॅबचा रिपोर्ट होता. म्हणाल्या, "ताई, वीस निघालेत. वीस म्हणजे आता किती दिवस राहिले?" रिपोर्टवर वीसच्या आधी एक बारीक चिन्ह होतं, '<'. म्हणजे वीसपेक्षा कमी. त्यांच्या गोळ्या उत्तम काम करत होत्या आणि त्या गावापासून एसटीत डोळे पुसत आल्या होत्या.

रिपोर्ट इंग्रजीत, आकडे मोठे, आणि विचारायचं तर कोणाला? त्या दिवसापासून लोक मला जे प्रश्न विचारतात ते वहीत लिहून ठेवायला लागले. खालचे बहुतेक प्रश्न त्यांच्याच शब्दांत आहेत.

व्हायरल लोड म्हणजे नेमकं काय मोजतात?

रक्तातल्या पेशी खाली बसवल्या की वर पिवळसर पाणी राहतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या प्लाझ्माच्या एका मिलीलिटरमध्ये, म्हणजे साधारण वीस थेंबांत, एचआयव्हीच्या आरएनएच्या किती प्रती आहेत ते या तपासणीत मोजतात. म्हणून आकड्यापुढे 'कॉपीज पर एमएल' लिहिलेलं असतं. आरएनए म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर. एका विषाणूत त्याच्या दोन प्रती असतात, म्हणजे १०० कॉपीज याचा अर्थ साधारण ५० विषाणू. पण हिशेब नेहमी कॉपीजमध्येच करतात, तसाच करा.

पद्धत तुम्हाला ओळखीची आहे. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर हे नाव घराघरांत पोचलं, तेच तंत्र इथे वापरतात. तेव्हा प्रश्न 'आहे की नाही' एवढाच होता, इथे 'किती आहे' हे बघतात. यंत्र त्या आरएनएपासून डीएनए बनवतं आणि दर फेरीला तो दुप्पट करत नेतं. विषाणू जास्त असेल तर थोड्याच फेऱ्यांत सिग्नल मिळतो, कमी असेल तर बऱ्याच फेऱ्या लागतात. त्यावरून मूळ आकडा काढला जातो.

उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हायरल लोड दहा लाखांच्याही वर जाऊ शकतो. हे वाचून घाबरू नका. गोळ्या सुरू झाल्या की हा कारखाना किती पटकन बंद पडतो ते पुढे येतंच.

मग सीडी-४ कशासाठी? दोन्हींत महत्त्वाची तपासणी कोणती?

आमच्याकडे कापूस पिकतो, म्हणून मी कपाशीचं उदाहरण देते. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सकाळी सापळ्यात किती पतंग अडकले ते मोजायचं, त्यावरून शेतात किडीचा जोर किती ते कळतं. तो झाला व्हायरल लोड. आणि झाडावर चांगली बोंडं किती शिल्लक आहेत ते मोजलं, तर ती झाली सीडी-४. एक आकडा शत्रूचा, दुसरा आपल्याकडे उरलेल्या मालाचा.

सीडी-४ या पांढऱ्या पेशी आहेत, रोगप्रतिकाराच्या कामावर देखरेख करणाऱ्या. निरोगी माणसात एका घन मिलीमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की टीबी, न्यूमोनिया, मेंदूज्वर असे संधिसाधू आजार डोकं वर काढतात. म्हणून उपचार सुरू करताना सीडी-४ बघणं फार गरजेचं. माणूस किती धोक्यात आहे, आजार टाळायला जादा गोळ्या द्यायच्या का, ते त्यावरून ठरतं.

पण औषध लागू पडतंय का, हे सीडी-४ फार उशिरा सांगते. गोळ्या निकामी झाल्या तर आधी व्हायरल लोड चढतो, आणि सीडी-४ पडायला त्यानंतर कित्येक महिने लागू शकतात. पतंग आज वाढले तर बोंडं किडलेली दिसायला वेळ जातो, तसंच. म्हणून उपचार चालू असलेल्या माणसासाठी व्हायरल लोड जास्त मोलाचा. सीडी-४ सलग चांगली आली आणि विषाणू दबलेला असला, तर डॉक्टर पुढे सीडी-४ करणं थांबवतात. "माझी सीडी-४ बंद केली, माझ्याकडे दुर्लक्ष करतात" अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. दुर्लक्ष नाही हो, तब्येत सुधारली म्हणून ती तपासणी बंद झाली.

उपाशीपोटी यायचं का?

नाही. जेवून, चहा घेऊन या. त्या दिवशीची गोळीही नेहमीच्या वेळेला घ्या. तपासणी आहे म्हणून गोळी थांबवून येणारे लोक मी पाहिलेत, तसं अजिबात करू नका.

दंडातून रक्त काढून जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्यात रक्त गोठू न देणारं रसायन असतं. मग नळी यंत्रात गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करतात, आणि हे काम रक्त काढल्यापासून चोवीस तासांच्या आत व्हावं लागतं. पुढे तो थंड ठेवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. रिपोर्टला दिवस लागतात ते बहुधा या प्रवासामुळे. कधी नमुना वाटेत खराब होतो, कधी कमी पडतो, आणि मग पुन्हा रक्त द्यायला बोलावतात. त्यात तुमची काही चूक नसते, आणि तुमच्यात काही 'जास्त' सापडलं असाही त्याचा अर्थ नसतो.

ताप आहे, नुकतीच लस घेतली आहे, टीबीचं औषध सुरू आहे, असं काही असेल तर रक्त देण्याआधी सांगा. दुसऱ्या आजाराने व्हायरल लोड काही दिवस थोडा वर जाऊ शकतो.

रिपोर्टवर नेमकं काय लिहिलेलं असतं?

चार प्रकार असतात. रिपोर्ट समोर ठेवून वाचा.

'टार्गेट नॉट डिटेक्टेड', कुठे कुठे नुसतं 'टीएनडी': यंत्राला विषाणू सापडलाच नाही.

'<२०', '<४०', '<५०' असं काही: विषाणूची चाहूल लागली, पण इतकी कमी की यंत्राला नीट मोजता आली नाही. आकड्यावर जाऊ नका, आधी चिन्ह बघा. तो आकडा तुमचा नाही, यंत्राचा आहे. यंत्र कुठपर्यंत मोजू शकतं तेवढंच तो सांगतो.

नुसता आकडा, समजा ८६ किंवा ४३,५००: हा मात्र तुमचा. आमच्या मावशी आता रिपोर्ट हातात आला की आकड्याच्या आधीच्या जागेवर बोट ठेवतात, चिन्ह आहे का बघतात आणि मगच चष्मा लावतात.

चौथा प्रकार म्हणजे 'लॉग'. याने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. शेजारी ४.६४ असं काहीतरी छापलेलं असतं आणि माणसाला वाटतं की आपला लोड फक्त साडेचार. लॉग म्हणजे दहाचे पट मोजायची रीत. १०० म्हणजे २, १,००० म्हणजे ३, १०,००० म्हणजे ४, एक लाख म्हणजे ५. लॉग एकाने उतरला तर विषाणू दहापट कमी झाला. दोन रिपोर्टांत अर्ध्या लॉगचा, म्हणजे साधारण तिपटीचा फरक असेल तरच डॉक्टर तो खरा बदल धरतात. ३०,००० वरून ४५,००० झाले म्हणून रात्रभर जागू नका. तेच रक्त दोनदा तपासलं तरी एवढा फरक पडू शकतो. आणि ४५,००० वरून ३०,००० आले म्हणून निर्धास्तही होऊ नका.

मागच्या वेळी '<२०' होतं, आता दुसऱ्या लॅबने '<१५०' लिहिलंय. वाढला का?

बहुतेक वेळा नाही. प्रत्येक यंत्राची मोजण्याची खालची मर्यादा वेगळी असते. कमी प्लाझ्मा मिळाला तर त्याच यंत्राचीही मर्यादा वर सरकते. शक्यतो तपासणी एकाच ठिकाणी करा, म्हणजे रिपोर्ट एकमेकांशी ताडून बघता येतात.

माझा विषाणू 'सापडला नाही'. मग एचआयव्ही गेला ना? गोळ्या बंद करू?

गेला नाही. गोळ्या बंद करू नका.

सापळ्यात एकही पतंग नाही म्हणून शेतात अळी नाही असं शेतकरी म्हणत नाही, कारण गुलाबी बोंडअळी हिरव्या बोंडाच्या आत बसलेली असते आणि बोंड बाहेरून चांगलं दिसतं. एचआयव्हीचंही असंच आहे. तो काही सीडी-४ पेशींच्या डीएनएमध्ये स्वतःचा मजकूर घुसवून झोपून राहतो. या पेशी मुख्यतः लसिका गाठींत आणि आतड्यांच्या अस्तरात असतात, आणि आपण तपासतो फक्त दंडातलं रक्त. झोपलेल्या विषाणूवर आजच्या गोळ्या चालत नाहीत. तो जागा झाल्यावर जी नवी पिल्लं काढतो, ती गोळ्या वाढू देत नाहीत.

साधा हिशेब बघा. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण तीन लिटर प्लाझ्मा असतो. मिलीलिटरला २० कॉपीज धरल्या तरी सगळे मिळून साठ हजार होतात, आणि एवढं असूनही रिपोर्टवर बारीकसं '<' येतं.

गोळ्या बंद केल्या की बहुतेकांचा विषाणू दोन ते चार आठवड्यांत परत वर येतो. त्या काळात माणसाला काहीच जाणवत नाही, आणि हेच वाईट आहे. भूक लागते, झोप येते, शेतात काम होतं. मग तीन-चार महिन्यांनी खोकला घेऊन येतो. 'मध्ये मध्ये सुट्टी' घेऊन चालेल का, हे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासून झालेलं आहे. २००६ मध्ये निष्कर्ष आला की सुट्टी घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू जास्त होते. त्यानंतर तो विषय संपला.

गोळ्या सुरू केल्यावर आकडा किती दिवसांत खाली येतो?

सध्या आपल्याकडे बहुतेकांना टीएलडी मिळते. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा. डोल्युटेग्राविरचा वेग चांगला आहे. नियमित घेणाऱ्या बहुतेकांचा आकडा पहिल्या तीन महिन्यांतच तळाला जातो. सुरुवातच पाच-दहा लाखांपासून झाली असेल तर थोडा जास्त वेळ लागतो, पण सहा महिन्यांच्या तपासणीला विषाणू दबलेला दिसायला हवा.

किती महिन्यांनी करायची? पैसे लागतात का?

सरकारी एआरटी केंद्रातून मोफत. औषध सुरू केल्यावर सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात, आणि त्यानंतर सगळं सुरळीत असेल तर वर्षातून एकदा.

हे सहज मिळालेलं नाही. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तीही मोजक्या आठ सरकारी रुग्णालयांत. आपल्याकडे मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांत होतं. तेव्हा व्हायरल लोड सरसकट होत नव्हता. औषध निकामी झाल्याचा संशय आला तरच करत, आणि संशय येईपर्यंत माणूस खंगलेला असे. सगळ्या रुग्णांसाठी नियमित व्हायरल लोड फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. माझ्यापेक्षा जुने सहकारी त्याआधीच्या दिवसांबद्दल बोलायला लागले की मला फार वाईट वाटतं. किती जणांचं औषध महिनोन्महिने आतल्या आत हरत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. म्हणून वर्षातला तो एक दिवस चुकवू नका. सोयाबीन काढणी असू दे, लगीनसराई असू दे.

दोन वर्षं 'नॉट डिटेक्टेड' होतं, या वेळी १८० आले. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. दबलेला विषाणू एखाद्या वेळी थोडा उसळतो आणि पुढच्या तपासणीत परत खाली जातो. इंग्रजीत त्याला 'ब्लिप' म्हणतात. कारण कधी सर्दी-ताप असतं, कधी यंत्राचा नेहमीचा फरक, कधी एखाददुसरी हुकलेली गोळी. डॉक्टरांना दाखवा, गोळ्या तशाच चालू ठेवा. असं पुन्हा पुन्हा यायला लागलं किंवा आकडा दर वेळी चढत गेला, तर मात्र कारण शोधायला हवं.

१,००० च्या वर गेला तर?

इथे जरा थांबून वाचा, कारण या आकड्यावर घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

किमान सहा महिने औषध घेतल्यावर व्हायरल लोड १,००० किंवा त्याहून जास्त आला, तर पहिला प्रश्न असतो: औषध पोटात नीट जातंय का? लगेच गोळ्या बदलत नाहीत. तुम्हाला समुपदेशनाला बोलावतात, बहुधा महिन्याला एकदा असं तीन वेळा. गोळ्या नियमित व्हायला लागल्या की साधारण तीन महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा करतात. तो १,००० च्या खाली आला तर तीच गोळी पुढे चालू. पुन्हा वरच राहिला तर औषध निकामी झाल्याचा विचार होतो, तज्ज्ञांचा सल्ला घेतला जातो आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या ओळीची, म्हणजे पहिला संच निकामी झाल्यावर द्यायची, औषधं सुरू होतात.

दोनदा का बघतात? पुन्हा सापळ्याकडे या. एका रात्री आठ पतंग दिसले म्हणून कोणी लगेच महागडी फवारणी काढत नाही. सलग तीन रात्री दर सापळ्याला आठ आले तर फवारा, असं कृषी विभाग सांगतो. औषधाच्या ओळी मोजक्या आहेत. पहिली ओळ उगाच सोडली तर पुढच्यासाठी हातात कमी उरतं.

समुपदेशनात आम्ही काय विचारतो, तेही सांगते, कारण लोकांना वाटतं की तिथे रागावतात. गोळी किती वाजता घेता? कुठे ठेवता? घरात कोणाला माहीत आहे? एक सून होती, गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची. सासू डब्यापाशी असली की गोळी राहून जायची. तिला आळशी म्हणून काय उपयोग होता? आम्ही वेळ बदलली. सकाळी सगळे रानात गेल्यावर ती गोळी घ्यायला लागली. तीन महिन्यांनी तिचा रिपोर्ट '<५०' आला. एक दादा ट्रक चालवायचे, रात्री नऊची वेळ आणि नऊला रोज वेगळ्या गावी. त्यांनी मोबाईलमध्ये गजर लावला, त्याला नाव दिलं 'डिझेल'.

गोळी विसरली आणि आठवली, तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर मात्र तीच घ्या, दोन एकदम नकोत. आणि आम्हाला खरं सांगा. "एकही चुकली नाही" असं भीतीपोटी सांगितलंत तर डॉक्टर औषधालाच दोष देतील आणि विनाकारण ओळ बदलेल.

खरंच एकही गोळी चुकवली नाही, तरी आकडा वर. असं होतं का?

होतं, आणि तेव्हा बाकीच्या औषधांकडे बघावं लागतं. डोल्युटेग्राविरचं एक वैर आहे: ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं पित्ताचं पातळ औषध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या. हे सोबत घेतलं तर पोटातच डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात आणि औषध रक्तात कमी उतरतं. टीएलडी यांच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत टीएलडीबरोबर घेतलेलं चालतं, उपाशीपोटी नाही. बाळंतिणींना लोह-कॅल्शियम असतंच, म्हणून त्यांना मी हे दोनदा सांगते.

दुसरं, टीबीचं रिफाम्पिसिन. ते चालू असताना शरीर डोल्युटेग्राविर लवकर संपवतं, म्हणून बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी देतात, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालते. टीबीचं औषध एका ठिकाणी, एआरटी दुसऱ्या ठिकाणी, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नाही, असं होता कामा नये. दोन्हीकडची पुस्तकं दोन्हीकडे दाखवा. जडीबुटी, काढे, भुकट्या काही घेत असाल तर तेही सांगा, कोणी रागावणार नाही.

हे सगळं नीट असूनही आकडा वर राहिला, तर विषाणू औषधाला सरावलेला असू शकतो. कोणत्या औषधाला तो सरावलाय हे सांगणारी वेगळी जनुकीय तपासणी असते. तीही रक्तात पुरेसा विषाणू असेल तरच होते, साधारण १,००० कॉपीजच्या वर.

विषाणू सापडत नाही, तर माझ्यापासून नवऱ्याला किंवा बायकोला लागण होईल का?

विषाणू 'न सापडणारा' असेल आणि तसाच टिकलेला असेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही लागत नाही. हे मी पूर्ण खात्रीने लिहिते आहे.

यामागे वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि त्यात आपलं पुणंही आहे. एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नई ही त्यातली भारतातली ठिकाणं. २०११ मध्ये दिसलं की लवकर उपचार घेणाऱ्यांपासून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढे युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासांत विषाणू २०० च्या खाली असलेल्या जोडप्यांचे कंडोमशिवायचे हजारो संबंध मोजले गेले. एकही लागण जोडीदाराकडून आलेली निघाली नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं: विषाणू सापडत नसेल तर जोडीदाराला धोका शून्य, आणि सापडतो पण १,००० किंवा त्याखाली असेल तर नगण्य.

हे ऐकल्यावर एका जोडप्यातला नवरा बराच वेळ भिंतीकडे बघत बसला. सहा वर्षं तो वेगळ्या खोलीत झोपत होता. ही माहिती लोकांपर्यंत पोचवण्यात आपण फार उशीर केला, असं मला मनापासून वाटतं.

तीन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. औषध सुरू करून किमान सहा महिने झालेले असावेत आणि रिपोर्ट हातात असावा, अंदाजावर जाऊ नका. गरमी, परमा अशा इतर लैंगिक आजारांपासून गोळ्या वाचवत नाहीत, तिथे कंडोमच लागतो. आणि ही शून्याची खात्री शरीरसंबंधाची आहे, सुई किंवा सिरिंज वाटून घेण्याची नाही.

मी गरोदर आहे. माझ्यासाठी वेगळं काही?

हो. बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात व्हायरल लोड करतात, औषध कधीही सुरू केलेलं असो. बाळाला जन्मानंतर कोणतं प्रतिबंधक औषध द्यायचं आणि किती आठवडे, हे त्यावरून ठरतं. आईचा आकडा १,००० च्या खाली असेल तर बाळाला एकच औषध पुरतं, वर असेल किंवा तपासणीच झाली नसेल तर दोन औषधं द्यावी लागतात. म्हणून बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर ही तपासणी जायच्या आधी करून घ्या आणि रिपोर्ट सोबत न्या.

अंगावरचं दूध पाजण्याबद्दल: आईचा विषाणू दबलेला असला की धोका फार कमी होतो, पण वर शरीरसंबंधाबाबत जसं 'शून्य' म्हटलं तसं इथे म्हणत नाहीत. आईच्या गोळ्या आणि बाळाचं औषध, दोन्ही नेमाने चालू ठेवायचं. दूध पाजायचं की वरचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि एकदा ठरलं की पहिले सहा महिने दोन्हीची भेसळ नको.

बाळाची नेहमीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे बाळाला आहेच ना?

थांबा. नेहमीची रॅपिड टेस्ट प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, शोधते आणि ती आईकडून बाळात आलेली असू शकतात. अठरा महिन्यांपर्यंत ती टिकू शकतात. म्हणून लहान बाळात थेट विषाणूचा जनुकीय मजकूर शोधतात. सहा आठवड्यांचं झालं की टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतात, वाळवतात आणि पाठवतात. शेवटचा निकाल अठरा महिन्यांनंतर, दूध पूर्ण सुटल्यावर. मधल्या काळात बाळाची एकही तारीख चुकवू नका.

मागच्या आठवड्यात चूक झाली, कंडोम वापरला नाही. थेट व्हायरल लोडच करून टाकू?

आधी आयसीटीसी, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात जा, तपासणी मोफत आहे. आरएनए रक्तात लागणीनंतर सुमारे दहा दिवसांपासून सापडू शकतो, पण प्रत्येकात इतक्या लवकर नाही. त्यामुळे आठवड्यातच केलेला 'नॉट डिटेक्टेड' तुम्हाला खोटा धीर देईल. आणि अगदी कमी आकडा आला तर तो कधी कधी खोटाही निघतो. निदान प्रतिपिंडांच्या तपासणीवरच होतं. एका नमुन्यावर तीन वेगवेगळ्या टेस्ट लागोपाठ पॉझिटिव्ह आल्या, तरच एचआयव्ही आहे असं सांगतात. लागण असूनही टेस्टमध्ये न दिसण्याचा काळ, म्हणजे विंडो पीरियड, संपल्यावर, तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा.

घटना होऊन ७२ तासांच्या आत असाल तर हे वाचत बसू नका. आत्ता सरकारी रुग्णालयात जा आणि लागण टाळणाऱ्या पीईपी गोळ्यांबद्दल विचारा. जितक्या लवकर सुरू तितकं चांगलं.

रिपोर्ट 'एचआयव्ही-१' म्हणतो. आणखी असतो का?

असतो, एचआयव्ही-२. भारतात तो कमी आहे, पण आहे. नेहमीची व्हायरल लोड तपासणी फक्त एचआयव्ही-१ मोजते. एखाद्याला एचआयव्ही-२ असेल तर त्याचा रिपोर्ट छान 'नॉट डिटेक्टेड' येईल आणि इकडे सीडी-४ घसरत राहील. अशी विसंगती दिसली तर डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

ऊसतोडीला जातोय, तपासणीची तारीख मध्येच येते. काय करू?

निघण्याच्या आधी केंद्रावर या. तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. तपासणी जवळ आली असेल तर रक्त आधीच घेता येतं. मुक्काम लांबणार असेल तर जिथे जाताय तिथल्या केंद्राला तुमची नोंद जोडून देतो. पाच-सहा महिने फडावर राहून रिकाम्या डबीने परत येणारे लोक दर वर्षी येतात. त्यांचे आकडे बघवत नाहीत.

माझा रिपोर्ट कोणाला कळेल?

कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. न्यायालयाचा आदेश नसेल तर एचआयव्हीची स्थिती उघड करण्याची सक्ती तुमच्यावर कोणीही करू शकत नाही, मालकसुद्धा नाही. कोणी कामावरून काढलं, उपचार नाकारले, तर तक्रार करता येते. बोलायला कोणी नसेल तर १०९७ हा फोन क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तपासणीच्या दिवशी सोबत काय आणू?

हिरवं पुस्तक, आधीचे रिपोर्ट, आणि सध्या घेत असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं, पित्ताच्या बाटलीसकट. डबीत गोळ्या उरल्या असतील तर ती डबीही आणा. किती उरल्या ते आपण दोघं मिळून मोजू.